बर्फाच्या कप्प्यातला थर

एका दाराच्या घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याची भिंत हीच बाष्पीभवक असते, म्हणजे तिच्या पत्र्यातील बारीक मार्गांतून वाहणारे शीतकद्रव्य उकळून वायुरूप होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या हवेतून ओढून घेते. दार उघडताच शिरणाऱ्या दमट हवेतील बाष्प या भिंतीवर गोठते. पावसाळ्यात कोकणपट्टीत हा थर विशेष लवकर वाढतो. बर्फाचा असा थर उष्णता सहजी वाहू देत नसल्यामुळे कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, वीज वाया जाते आणि तरीही दूध पुरेसे गार राहत नाही.

थर साधारण ५ मिलिमीटर जाड झाला की फ्रिज बंद करून, प्लग काढून, तो आपोआप वितळू द्यावा. घाई असल्यास आत गरम पाण्याचे पातेले ठेवावे. सुरीने किंवा उलथन्याने तो खरवडणे ही मात्र घराघरांत होणारी सर्वांत महागडी चूक होय, कारण पत्रा पातळ असतो आणि एका छिद्रातून सगळे शीतकद्रव्य निसटते. लेबलवर आर-६००ए असे लिहिलेले असल्यास ते आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील वायू असतो. अशी गळती दुरुस्त करण्याचे काम घरी कधीही करू नये.

थर वारंवार साचत असेल तर दाराची रबरी पट्टी, अर्थात गॅस्केट, तपासावी: दारात अडकवलेला कागद ओढताना सहज सुटला तर तिथून हवा शिरते, आणि पट्टी साबणाच्या कोमट पाण्याने पुसूनही फरक पडला नाही तर ती बदलावी.