गटाराच्या कर्जाने बुडाला अख्खा जिल्हा! अमेरिकेत नेमकं काय घडलं?

गटार बांधायला काढलेल्या कर्जात अख्खा जिल्हा बुडाला, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, जेफरसन काउंटीत हेच घडलं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. बर्मिंगहॅम हे मोठं शहर याच काउंटीत येतं. 9 नोव्हेंबर 2011 रोजी काउंटी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. एकूण देणं सुमारे 420 कोटी डॉलर, त्यातले 300 कोटींहून जास्त एकट्या गटार योजनेचे. स्थानिक संस्थेची एवढी मोठी दिवाळखोरी अमेरिकेने तोवर पाहिली नव्हती. 2013 मध्ये डेट्रॉइट शहर त्याच्याही पुढे गेलं.

मुळात काम गरजेचंच होतं. जुन्या पाइपांमधून पावसाळी दिवसांत मैला थेट कहाबा नदीत जात होता. लोक कोर्टात गेले, आणि 1996 मध्ये काउंटीने गटारं सुधारण्याचं कोर्टापुढे कबूल केलं. त्यासाठी कर्जरोखे काढले. इथवर सगळं ठीक होतं.

खरी गडबड झाली 2002-03 मध्ये. ठरलेल्या व्याजाचं बरंचसं कर्ज बदलून बदलत्या व्याजाचं घेतलं गेलं. सोबत बँकांशी 'स्वॅप' नावाचे करार झाले. सोप्या भाषेत सांगायचं तर काउंटीने बँकेला ठराविक व्याज द्यायचं, आणि बदलत्या व्याजाचा भार बँकेने उचलायचा. कागदावर स्वस्त वाटणारा सौदा. पण 2008 च्या मंदीत रोख्यांवरचं व्याज भडकलं, तर बँकेकडून येणारी रक्कम दुसऱ्याच दराला बांधलेली असल्याने उलट घटली. काउंटी दोन्हीकडून कात्रीत सापडली. पाच जणांच्या मंडळाने सही केलेले हे कागद किती लोकांना कळले असतील?

सह्या कशा झाल्या, ते पुढे कोर्टात आलं. मंडळाचे माजी अध्यक्ष आणि नंतर बर्मिंगहॅमचे महापौर झालेले लॅरी लँगफोर्ड लाच घेतल्याबद्दल 2009 मध्ये दोषी ठरले. 15 वर्षांची शिक्षा झाली. गटार योजनेच्या घोटाळ्यांत शिक्षा झालेल्यांमध्ये अधिकारी होते, तसे ठेकेदारही. जेपी मॉर्गन बँकेने अमेरिकी शेअर बाजार नियामकाशी तडजोड करून 7.5 कोटी डॉलर भरले आणि स्वॅप मोडण्यापोटीचे 64.7 कोटी डॉलरचे दावे सोडले. आरोप मान्य केले नाहीत, नाकारलेही नाहीत.

भुर्दंड मात्र नळधारकांच्या माथी. दीड दशकात गटाराचं बिल चौपट झालं. त्यातच काउंटीचा एक महत्त्वाचा कर कोर्टाने रद्द ठरवला. शेकडो कर्मचारी घरी बसले, गरिबांच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण दाखल करून घेणं बंद झालं. 2013 च्या तोडग्यात सावकारांनी सुमारे 140 कोटी डॉलर सोडले. बदल्यात पहिली चार वर्षं दरसाल जास्त दराने आणि पुढे 3.49 टक्के दरवाढ ठरली. नव्या कर्जाची मुदत 40 वर्षं, म्हणजे तेव्हा पाळण्यात असलेलं पोरही चाळिशीपर्यंत हे फेडणार.

काही ग्राहकांनी या तोडग्याविरुद्ध अपील केलं. 2018 मध्ये वरच्या कोर्टाने ते निकाली काढलं. कारण? तोडगा अमलात येऊन गेला, रोखे विकले गेले, आता मागे फिरता येणार नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायत असले रोखे काढत नाही. शहरं काढू लागली आहेत. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटींचे काढले. गावात प्रश्न असतो तो योजना ताब्यात घेतानाचा. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेची कामं होतात, पण मोटारीचं वीजबिल, दुरुस्ती, गटारांची सफाई दरवर्षी कोण भरणार? हा हिशेब ठराव होण्याआधी ग्रामसभेत मागता येतो. आणि उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात लिहून घ्यायचं.