तीन महिन्यांची शाळा आणि किराण्याची गादी

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी व्यापाराचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या गादीवरच होत आले. शाळा सुटली की मुलाने दुकानात यायचे. आधी वजनकाटा, मग उधारीची वही, मग वडिलांबरोबर जालन्याच्या मोंढ्यात खरेदी आणि सर्वांत शेवटी तिजोरीची किल्ली. या अभ्यासक्रमाला दहा-बारा वर्षे लागत. आता पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून शिकून परतलेला मुलगा घरात एक नवा शब्द आणतो : ‘ॲक्सलरेटर’. तीन महिन्यांत व्यवसाय उभा करायला शिकविणारी ही शाळा शुल्क घेत नाही, उलट पैसे देते, हे ऐकून वडिलांच्या मनात शंका येते. ती शंका अगदीच अनाठायी नाही.

या प्रकारच्या संस्थांमध्ये सर्वांत नावाजलेली म्हणजे अमेरिकेतील ‘वाय कॉम्बिनेटर’. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी ती २००५ साली सुरू केली. तेथे वर्ग नाहीत, परीक्षा नाही, प्रमाणपत्रही नाही. निवडलेल्या नव्या कंपन्यांची एक तुकडी असते. अनुभवी मार्गदर्शक ठरावीक वेळी भेटतात आणि गेल्या भेटीपासून ग्राहक किती वाढले, एवढेच प्रामुख्याने विचारतात. अखेरीस ‘डेमो डे’ला गुंतवणूकदारांपुढे अवघ्या काही मिनिटांत आपला धंदा मांडावयाचा असतो. आज जगभर ठाऊक असलेली एअरबीएनबी ही कंपनी २००९ च्या हिवाळी तुकडीतली. ग्राहक न्यूयॉर्कमध्ये असताना तुम्ही येथे कॅलिफोर्नियात काय करता, असे ग्रॅहम यांनी तिच्या संस्थापकांना खडसावल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. संस्थापक न्यूयॉर्कला गेले आणि घरोघर जाऊन यजमानांना भेटले. आपल्याकडचा जुना मुनीमही नव्या पोऱ्याला हेच सांगत असे : वहीत तोंड घालून बसू नको, गिऱ्हाईक काय मागते ते ऐक.

व्यापारी घरांनी मुद्दाम अभ्यासावा असा अनुभव मात्र मुंबईचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत अदित पालीचा आणि कैवल्य व्होरा हे दोन मित्र मुंबईत होते. वय अठराच्या आसपास, अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचा प्रवेश झालेला. शेजाऱ्यांना वाणसामान मिळणे कठीण झाले होते, म्हणून त्यांनी जवळच्या किराणा दुकानांतून माल उचलून घरपोच देण्याचा उद्योग आरंभिला. नाव ठेवले ‘किराणाकार्ट’. नावातच किराणा होता आणि हेतूही दुकानदाराला नवे गिऱ्हाईक जोडून देण्याचाच होता. हाच धंदा घेऊन ते वाय कॉम्बिनेटरच्या २०२१ च्या हिवाळी तुकडीत दाखल झाले. साथीमुळे ती तुकडी दूरस्थ पद्धतीने चालली. पुढे दोघांनीही स्टॅनफर्ड सोडले. शिक्षण अर्धवट टाकण्याचा हा भाग कोणत्याही पालकाने अनुकरणीय मानू नये.

पालीचा यांनी पुढे वेळोवेळी जे सांगितले आहे, त्याचा सार असा. सामान पोहोचायला पाऊण तास लागे, तेव्हा ग्राहक तक्रार करीत नसे. पण परतही येत नसे. ज्यांचे घर दुकानाला लागून होते व ज्यांना सामान दहा-पंधरा मिनिटांत मिळाले, ते मात्र पुनःपुन्हा मागणी नोंदवीत. म्हणजे खरा माल होता वेग. आणि हा वेग भागीदार किराणा दुकानातून साधत नव्हता. याची कारणे दुकानात बसणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. फडताळात कोणत्या वस्तूचे किती नग शिल्लक आहेत हे मालकाला तोंडपाठ असते, पण मोबाइलला ते दिसत नाही. संध्याकाळी समोर दहा गिऱ्हाइके उभी असताना दूरच्या माणसाची पिशवी आधी कोण भरणार? पाच वस्तूंपैकी एक नसली तर दुकानदार तोंडी दुसरा ब्रँड सुचवितो आणि काम भागते. ॲपवर तीच मागणी अपुरी ठरते.

म्हणून त्यांनी दुकानदार वगळला. गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेली, केवळ माल उचलून पिशवी भरण्यासाठी मांडलेली छोटी कोठारे वस्तीवस्तीत उघडली. इंग्रजीत त्यांना ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. २०२१ संपण्यापूर्वीच किराणाकार्टचे ‘झेप्टो’ झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीचे मूल्य एक अब्ज चाळीस कोटी डॉलर ठरले, त्या वेळच्या दराने अकरा हजार कोटी रुपयांहून अधिक.

किराणा दुकानाला साहाय्य करण्यास निघालेला धंदा वर्षाच्या आत त्याच दुकानाचा प्रतिस्पर्धी झाला. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. ही शाळा एकच प्रश्न विचारते, ग्राहक परत का येतो? उत्तरात जो अडसर ठरेल तो बाजूला होतो. परंतु त्या उत्तराची किंमत तिसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न त्या तीन महिन्यांच्या वेळापत्रकात नाही. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने, म्हणजे ‘एआयसीपीडीएफ’ने, २०२४ साली असा दावा केला की वर्षभरात देशातील सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडली, झटपट वितरण करणाऱ्या कंपन्यांविरुद्ध त्यांनी स्पर्धा आयोगाकडेही धाव घेतली. आकडा वितरकांच्या बाजूचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. अस्वस्थता मात्र खरी आहे. जाफराबादच्या दुकानदाराला आज या स्पर्धेची झळ नसेल, पण पुण्या-मुंबईत किराण्याच्या गादीवर बसलेले त्याचे आप्त ती सोसत आहेत.

आता हिशेबाची बाजू. २०२१ मध्ये वाय कॉम्बिनेटर प्रत्येक कंपनीला १,२५,००० डॉलर देई आणि ७ टक्के मालकी घेई. डॉलर ७३ रुपयांचा धरला तर ही रक्कम सुमारे ९१ लाख होते. म्हणजे कंपनीचे मोल सुमारे १३ कोटी धरले गेले. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा घेतली तर घराचे खत गहाण पडते, व्याज भरावे लागते. पण कर्ज फिटले की बँकेचा संबंध संपतो. येथे गहाण नाही, व्याज नाही, धंदा बुडाला तर परतफेडही नाही. मात्र तो सात टक्क्यांचा भागीदार घरात आला तो आला. शिवाय त्याला मंद, सुरक्षित नफ्यात रस नसतो. झेप्टोचेच पाहा : २०२३-२४ या वर्षी उत्पन्न साडेचार हजार कोटींच्या आसपास आणि तोटा साडेबाराशे कोटींच्या आसपास. असा ताळेबंद घेऊन आपल्यापैकी कोणी बँकेत गेला असता, तर व्यवस्थापकाने चहा पाजून परत पाठविले असते.

दुसरी गोष्ट स्वरूपाची. भागीदारी पेढी किंवा अविभक्त कुटुंबाची पेढी अशा गुंतवणूकदाराला भाग देऊ शकत नाही. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी लागते. वाय कॉम्बिनेटर तर त्या काळी मुख्य कंपनी अमेरिका, सिंगापूर अशा मोजक्या ठिकाणी नोंदलेली असावी, असा आग्रह धरी. झेप्टोची मूळ कंपनीही सिंगापूरची होती. ती भारतात परत आणण्याची प्रक्रिया जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली. यात वकील, सनदी लेखापाल आणि कर यांवर होणारा खर्च आरंभी कोणी सांगत नाही.

एवढ्या दूर जाण्याची गरजही नाही. छत्रपती संभाजीनगर येथे मराठवाड्यातील उद्योजकांच्या ‘सीएमआयए’ या संघटनेच्या पुढाकाराने ‘मॅजिक’ हे केंद्र उभे आहे. केंद्र सरकारने २०२१ साली ९४५ कोटींची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आणली, तीत मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय रोखे वा कर्ज, अशी तरतूद होती. मिरचीची प्रतवारी, सरकीची साठवण, बियाण्यांचे वितरण, यांत अडणारी गाठ सोडविणारा मुलगा अशा दारातून गेला, तर त्याची माहिती आणि वडिलांची ओळख दोन्ही कामास येतील.

मात्र करारावर सही करण्यापूर्वी एक कलम वडिलांनी स्वतः वाचावे. गुंतवणूकदार आल्यावर संस्थापकाचे स्वतःचे भागही सहसा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने त्याचे होतात आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधी तो बाहेर पडला, तर बहुधा त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणजे ऐन हंगामात दुकानात माणूस कमी पडला म्हणून मुलाला परत बोलावून घेण्याची सोय पहिल्या वर्षी तरी नाही. हे बोलणे घरात आधी झालेले असावे.