पंधरा सेंटीमीटर

दोरी ताणली की मिस्त्री बोलायचे थांबतात. दोन्ही टोकांना खिळे, मध्ये केशरी नायलॉनची दोरी. तिला बोटाने टिचकी मारायची, ती टणकन वाजली पाहिजे. मग ते गुडघ्यावर बसतात, एक डोळा मिटतात, गाल जवळजवळ मातीला टेकवतात आणि दोरीच्या रेषेत बघत राहतात. पदपथाच्या कडेचा दगड दोरीला लागता कामा नये आणि दोरीपासून सुटताही कामा नये. मध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी फट हवी. "दगड टेकला की दोरी फुगती, ताई. आन् पुढचे समदे दगड मग त्या फुगलेल्या दोरीनं लागत्यात," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

पुण्यातल्या आमच्या उपनगरातल्या रस्त्यावर नवा पदपथ होत होता. सात आठवडे मी रोज सकाळी तासभर तिथे जाऊन उभी राहायचे. काम बघायची हौस हे एक कारण. खरं कारण घरात बसलेलं होतं. माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती जुन्या पदपथावरून खाली उतरताना पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात असताना एका संध्याकाळी मी टेप घेऊन त्या जागेची उंची मोजली. एकतीस सेंटीमीटर. आमच्या इमारतीच्या जिन्याची एक पायरी सोळा सेंटीमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ दोन पायऱ्या एका पावलात उतरायच्या, तेही कठड्याशिवाय. शस्त्रक्रिया चांगली झाली, वॉकर आला, घरातल्या घरात ती हिंडू-फिरू लागली. पण कोपऱ्यावरची भाजी, बँकेतलं पासबुक, वाचनालय, मंगळवारचं भजन हे सगळं एकेक करत सुटलं. तिचं शहर आमच्या गॅलरीएवढं होऊन गेलं.

म्हणून जेसीबीचा पहिला दात जमिनीत घुसला तेव्हा मी तिथे होते. खणल्यावर जी उभी कड दिसली ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वर लाल पेव्हर ब्लॉक. त्याखाली चौकटी-चौकटीची सिमेंटची फरशी. त्याखाली काँक्रीटचा एक थर आणि सगळ्यात खाली, कडा झिजून गुळगुळीत झालेली, काळसर शहाबादी फरशी. म्हणजे दर वेळी जुना पदपथ न काढता त्याच्यावरच नवा बसवला गेला होता. रस्त्याचंही तेच. डांबराचा थर खरवडून न काढता वर नवा थर टाकला की रस्ता चार-पाच सेंटीमीटर चढतो, मग पदपथ आणखी चढवायचा. या चढाओढीत आमच्या रस्त्यावरच्या जुन्या बंगल्याचं फाटक दोन पायऱ्या खाली गेलं आहे आणि पावसाळ्यात पाणी त्यांच्या अंगणात शिरतं. मिस्त्रींनी शहाबादीचा एक अखंड तुकडा उचलून बाजूला ठेवला. "ही फरशी लावणाऱ्यानं चांगलं काम केलं होतं," ते म्हणाले आणि तिच्यावरची माती हाताने पुसली.

या वेळी मात्र सगळं तळापर्यंत काढलं. खाली जे सापडलं त्याची यादी कुणाकडेच पूर्ण नव्हती: पाण्याची जुनी बिडाची लाइन, विजेच्या केबली, गॅसचा पिवळा पाइप, इंटरनेटच्या नळ्यांचा गुंता. दोन दिवस मजूर नुसत्या फावड्याने, पहार न वापरता, हळूहळू माती काढत होते. मग कडेने मोकळे पाइप टाकून ठेवले, उद्या नवी केबल आली तर त्यातून ओढता यावी म्हणून. पदपथ चांगला झाला की सहा महिन्यांत कुणीतरी येऊन खणतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मला विचाराल तर सगळ्या कामात हे रिकामे पाइप सर्वांत मोलाचे आहेत. ते कुणालाही दिसणार नाहीत.

कामावर देखरेख करणारी तरुण इंजिनिअर मुलगी रोज नऊच्या सुमाराला यायची. तिच्याकडून मला आकडे समजले. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यांनुसार पदपथाची उंची रस्त्यापासून जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर हवी. चालण्यासाठीचा पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत मोकळा हवा. त्यात खांब, पेटी, फांदी, पाटी काही येता कामा नये. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जाव्यात, एवढी ती रुंदी. उताराला नियम आहे एकास बाराचा: एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी.

हा हिशेब मी घरी येऊन कागदावर मांडला. पंधरा सेंटीमीटर उंची असेल तर उतार १८० सेंटीमीटरचा, कोपऱ्यावर सहज मावतो. आमच्या जुन्या एकतीस सेंटीमीटरला पावणेचार मीटरचा उतार लागला असता, आणि तेवढी जागा कुठल्याच कोपऱ्यावर नव्हती. म्हणून तिथे कुणीतरी सिमेंटचं एक घसरगुंडीसारखं ढेकूळ ओतून ठेवलं होतं. वॉकर त्याच्यावर टिकत नाही आणि बाळाची ढकलगाडीही टिकत नाही. उंची चुकली की पुढचं सगळं चुकतं, ते नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं, त्याच वर्षी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही आली. जंगली महाराज रस्त्याचे रुंद केलेले पदपथ ही त्याच विचाराची सगळ्यांना दिसलेली खूण. त्या रस्त्याची दुसरी गोष्ट पुण्यात प्रत्येकाला पाठ असते. सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर झालेलं डांबरीकरण दशकानुदशकं खड्ड्याविना टिकलं. ही गोष्ट मीही अभिमानाने सांगत आले आहे. पण आता वाटतं, एवढी वर्षं आपण गाड्यांना धक्का बसत नाही याचंच कौतुक केलं. त्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचं कसं चाललंय हे विचारलं फार उशिरा. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. उड्डाणपुलासाठी शेकडो कोटी मागितले तर कुणाची भुवई उंचावत नाही. पदपथासाठी चार गाड्यांची जागा मागितली की सभा बोलावावी लागते.

आमच्याकडेही ती बोलावली. १.८ मीटरचा मोकळा पट्टा काढायचा, शिवाय रस्त्याकडच्या बाजूला झाडं, दिव्याचे खांब आणि विजेच्या पेट्यांसाठी वेगळा पट्टा ठेवायचा, तर एका बाजूचं पार्किंग जाणार होतं. सोसायटीच्या फाटकाशी खुर्च्या टाकून दीड तास वाद झाला. "या पदपथावरून चालतंय कोण?" असं एक गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती. जुन्या पदपथावर खरोखरच कुणी चालत नसे, सगळे रस्त्यावरून चालत. मी माझ्या आईचं सांगितलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी, मुलीला शाळेच्या बसपर्यंत हात धरून गाड्यांमधून कसं न्यावं लागतं, ते सांगितलं. पार्किंग गेलं, पण सगळ्यांच्या मनाने नाही, हेही लिहिलं पाहिजे.

दुसरा वाद फाटकाचा. आपल्याकडे दर फाटकापाशी पदपथ खाली उतरवतात आणि पुढे पुन्हा वर चढवतात, गाडीला सोपं जावं म्हणून. आमच्या तीनशे मीटरमध्ये अकरा फाटकं आहेत. चालणाऱ्याने अकरा वेळा उतरायचं, अकरा वेळा चढायचं. इंजिनिअर मुलीने नकाशावर पदपथ सलग, एकाच पातळीत ठेवला होता, आणि गाडीसाठी छोटा चढ रस्त्याकडच्या पट्ट्यात दिला होता. गाडीने थोडं चढावं, हळू व्हावं, बघावं, मग आत जावं. शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, गाडीचं पोट घासेल. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी दोन फळ्या आणि विटा मांडून तसाच चढ तयार केला आणि म्हणाले, "साहेब, आणा गाडी." गाडी आली, चढली, घासली नाही. अध्यक्षांनी खाली वाकून स्वतः बघितलं आणि सही केली.

ब्लॉक बसवायचं काम बघताना वेळ कसा जातो कळत नाही. आधी कच पसरायची, दोन बाजूंच्या पाइपांवर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून ती आपल्याकडे ओढत आणायची, की मागे सायीसारखा सपाट थर उरतो. त्या थरावर पाय टाकायचा नाही. बसवलेल्या ब्लॉकांवर उकिडवं बसून पुढे सरकायचं. एक बाई ब्लॉक हातात देते, दुसरा कारागीर तो ठेवतो, रबरी हातोडीचे दोन ठोके, पुढचा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघतात. उतार ठेवतात मीटरला दोन सेंटीमीटर, रस्त्याच्या बाजूला. "पानी घसरावं, मानूस न्हाई," मिस्त्री म्हणाले. सगळ्यात किचकट काम चेंबरच्या झाकणांचं. विटांचा एखादा थर वाढवून किंवा फोडून प्रत्येक झाकण ब्लॉकांच्या बरोबरीला आणायचं. आमच्या तुकड्यात अशी सव्वीस झाकणं होती. पाय अडखळतो तो इथेच.

पाचव्या आठवड्यात पिवळ्या फरशा आल्या. मिस्त्रींनी आजवर त्या अनेक ठिकाणी लावल्या होत्या, पण त्या कशासाठी असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. शोभेसाठी, असा त्यांचा समज होता. इंजिनिअर मुलीने त्यांना सांगितलं: लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा लावल्या, हे मी घरी येऊन वाचलं. मिस्त्रींनी ते वाचायची वाट पाहिली नाही. त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि त्या सकाळी लावलेल्या पिवळ्या रेषेवरून चालू लागले. पंधरा-वीस पावलं नीट गेले. मग त्यांचा खांदा विजेच्या पेटीच्या उघड्या दाराला लागला. नकाशात पेटी होती, पण तिचं दार किती बाहेर येतं ते नकाशात नव्हतं.

ते बराच वेळ त्या पेटीकडे बघत उभे राहिले. "लई घरांम्होरं लावल्यात मी ह्या," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत ती अख्खी रेष उखडून दीड फूट आत घेतली होती. त्या दिवसाचं त्यांचं मोजमाप बुडालं. रोजचे किती मीटर झाले यावर मुकादम बोलतो. शहराच्या आखणीवरची पुस्तकं मी थोडीफार चाळली आहेत. जेन जेकब्सने १९६१ सालच्या आपल्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणं पदपथांना दिली आहेत आणि ती मला फार आवडतात. पण आपल्याकडे आखणी आणि हातोडी यांच्यामध्ये फार अंतर आहे. ज्याच्या हातून रेष जमिनीवर उतरते त्याला तिचा अर्थ सांगायला दहा मिनिटं लागली होती. ती दहा मिनिटं कुठल्याच निविदेत नसतात.

कडुनिंबाभोवती मीटरभर माती उघडी ठेवली आणि पदपथ तिथे किंचित वळवला. त्या वळणाच्या पोटात चपला शिवणाऱ्या काकांना जागा मिळाली. ते सव्वीस वर्षं तिथेच बसतात. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा अशा माणसांना जागा द्या म्हणतो, पण ती जागा नकाशावर आधी काढली नाही तर शेवटी ते चालणाऱ्याच्या वाटेत येतात आणि मग त्यांना उठवतात. काका आता सावलीत बसतात, वाट मोकळी राहते. भाजीवाल्या मावशींचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांची हातगाडी त्या वळणात मावत नाही आणि त्या तूर्तास पलीकडच्या गल्लीत उभ्या राहतात. त्यांचं गिऱ्हाईक तुटलं आहे.

काम संपत आलं तेव्हा एका सकाळी मी आईला खाली आणलं. फाटकातून बाहेर पडताना ती सवयीने थांबली, वॉकर घट्ट धरला, पायाने उतरण चाचपली. उतरण नव्हतीच. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही, चालू लागली. वॉकरची चाकं ब्लॉकांच्या सांध्यांवर बारीक खडखडत होती. कडुनिंबापाशी काकांनी उठून नमस्कार केला, "आज्जी, लई दिसांनी!" तिने त्यांच्याजवळ थांबून त्यांच्या नातवाची चौकशी केली, नाव बरोबर लक्षात ठेवून.

त्याच्या पुढे दहा-बारा पावलांवर वॉकरचं पुढचं चाक अडलं. चेंबरचं झाकण होतं, बोटभर वर आलेलं. मिस्त्री पलीकडे सांध्यांत वाळू झाडत होते. आईने त्यांना हाक मारली.

"अहो मिस्त्री, इथे लागतंय."

ते झाडू टाकून आले, खाली बसले, तळहात झाकणावरून फिरवला, मग ब्लॉकवरून. "लागतंय, आज्जी. खरंय." त्यांनी खिशातून खडू काढून झाकणाभोवती गोल केला, पोराला छिन्नी आणायला पाठवलं आणि दोरीसाठी खिळा ठोकायला घेतला.