कडक भाकरी आणि दातांच्या तारा

दातांना तारा बसल्या की सोलापूरच्या घरात पहिला प्रश्न कोणता येतो? दुखेल का, हा नंतरचा. आधी विचारतात, आता कडक भाकरीचं काय?

खायची की! पण कडाकडा फोडायची नाही. बोटांनी चुरायची, आमटीत बुडवायची, चांगली मऊ होऊ द्यायची, मग खायची. शेंगाचटणी चालेल, मात्र तिचा भुगा तारांमध्ये जाऊन बसतो. म्हणून जेवण झालं की खळखळून चूळ भरायची आणि छोट्या टोकाच्या ब्रशने फटी साफ करायच्या. चिक्की आणि उसाचं कांडं तारा निघेपर्यंत बंद.

एवढं जपूनही दातावर चिकटवलेलं, तार धरणारं एखादं ब्रॅकेट निघतंच. घाबरू नका. उलट इथे मोठी हुशारी दडलेली आहे. दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा त्याचा टवका उडाला की तो पुन्हा उगवत नाही. म्हणून ब्रॅकेट चिकटवण्याचा मसाला बेताच्याच ताकदीचा ठेवतात. जोराचा दणका बसला तर ब्रॅकेट सुटावं, दात वाचावा! सुटलेलं ब्रॅकेट बहुधा तारेलाच लटकत राहतं. ते ओढू नका. सुटून हातात आलं तर डबीत ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. घरातल्या गोंदाने चिकटवायला मुळीच जाऊ नका. आणि समजा, एखादा तुकडा घशाकडे गेला आणि ठसका थांबेना किंवा श्वास अडला, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठायचा.

तार गालाला टोचते, ही सगळ्यांची तक्रार. पण ती का टोचते, हे ऐका. वेडेवाकडे दात सरळ रांगेत येऊ लागले, फटी मिटू लागल्या की तार उरते आणि मागच्या दाढेपाशी बाहेर डोकावते. म्हणजे दात खरोखर हलले! कापसाने ती जागा कोरडी करा, डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी वळा आणि टोकावर दाबून बसवा. ओल्या जागी मेण टिकत नाही. चुकून गिळलं तरी काही होत नाही. पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराने, अर्थात ते स्वच्छ धुऊन, तार हलकेच आत ढकलून बघता येते. नेलकटरने मात्र तार कापू नका, तुटलेलं टोक पोटात जाऊ शकतं. गालाला फोड आला असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा.

तार आवळून आल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात. त्या वेळी हिरडीच्या आत मोठी धावपळ चालू असते. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. दात ज्या बाजूला ढकलला जातो, तिथलं हाड काही पेशी विरघळवतात आणि मागे राहिलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मला तरी हे फार अद्भुत वाटतं: हाडासारखी टणक गोष्ट आणि तिच्यातून दात वाट काढत जातो!

हे काम करणारी तार बऱ्याचदा निकेल आणि टायटॅनियमची असते. १९६०च्या आसपास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांना हा मिश्रधातू गवसला. तो वाकवला तरी आपला मूळ आकार विसरत नाही. १९७०च्या दशकात जॉर्ज अँड्रिसन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. यातल्या काही तारा थंडाव्याने मऊ पडतात. म्हणून ठणका लागला की माठातल्या गार पाण्याची चूळ तोंडात धरून बघा, ताण क्षणभर सैलावतो.

आणि हो, तारेला धरून ठेवणारी पारदर्शक रबरी कडी आमटी खाल्ल्यावर पिवळी झाली, तर ती हळदीची करामत. हळदीतला पिवळा रंग, कुर्क्युमिन, रबरात मुरतो. दातांना त्याने काही होत नाही. पुढच्या भेटीत कड्या बदलतात, तेव्हा गडद रंगाच्या मागून घ्या.

तारा निघाल्यावर दातांना नव्या जागी धरून ठेवणारा रिटेनर येतो. त्याचा मोठा शत्रू आपलं ऊन. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. तिथे विसरलेला प्लॅस्टिकचा रिटेनर वाकडा होऊ शकतो. उकळत्या पाण्यानेही तेच होतं. म्हणून तो साध्या पाण्यात, मऊ ब्रशने धुवा. जेवताना कागदी रुमालात गुंडाळू नका, पंगत उठली की तो उष्ट्या पत्रावळींबरोबर जातो. त्याची डबी दप्तरात हवीच.

रिटेनर काही दिवस राहून गेला आणि आता घट्ट लागतोय? दात परत निघाले जुन्या जागी! हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभरही घेतात, तोवर ते दाताला मागे खेचत राहतात. थोडासा घट्ट लागला पण नीट बसला, तर लगेच नेमाने वापरायला लागा. बसतच नसेल तर जोर लावून दाबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.