वरचा गिअर पडतो कधी?

अमेरिकेत निवृत्त झालेली पिवळी शाळा-बस लिलावात घ्यायची, आतली बाकडी उपटून तिथे पलंग आणि ओटा बसवायचा आणि घरासकट भटकायला निघायचं, ही हौस आता चांगली रुळली आहे. अशा बसला तिथे लाडाने ‘स्कूली’ म्हणतात. सुतारकाम, वायरिंग, पाण्याची टाकी, सगळं मनासारखं होतं. मग पहिल्याच मोठ्या चढावर बस धापा टाकू लागते, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये झोके खाते आणि मालकाचं निदान ठरलेलं असतं: शिफ्ट पॉइंट चुकलेत. म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नको त्या वेळी गिअर बदलतोय. बहुतेक वेळा शिफ्ट पॉइंटचा यात काहीच दोष नसतो.

मुळात घोळ होतो तो ‘अमुक वेगाला अमुक गिअर’ या समजुतीने. जुन्या शाळा-बसमध्ये सर्रास सापडणारा अ‍ॅलिसन एटी ५४५ हा चार गिअरचा गिअरबॉक्स घ्या. यात कॉम्प्युटर नाही, सगळा कारभार तेलाच्या दाबावर. मागच्या शाफ्टवरून फिरणारा गव्हर्नर बसचा वेग कळवतो. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि दाब वाढतो. दुसरा निरोप मॉड्युलेटरचा, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे सांगणारा. पेट्रोल गाडीत हे काम इंजिनाच्या व्हॅक्यूमवर भागतं. डिझेलमध्ये हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे तो व्हॅक्यूमही नसतो. म्हणून डिझेल बसमध्ये बऱ्याचदा त्यासाठी वेगळी केबल ओढलेली असते. या दोन निरोपांची आणि स्प्रिंगच्या जोराची ओढाताण होऊन व्हॉल्व्ह सरकतो. तीच बस हलक्या पायाला लवकर वरचा गिअर घेते आणि पाय पूर्ण दाबला तर उशिरा, ते यामुळे. एसटीचा चालक कशेडी घाटात जे कानाने ठरवतो, ते इथे तेल ठरवतं.

‘लवकर वरचा गिअर पडू दे, डिझेल वाचेल’ हा सर्वांत लाडका गैरसमज. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाला ते खरं आहे, पण तेव्हा गिअरबॉक्स आपणहून तसंच वागतो. प्रश्न पाय पूर्ण दाबलेला असतानाचा आहे. एटी ५४५चे रेशो ३.४५, २.२५, १.४१ आणि १. इंजिन २४०० आरपीएमला असताना पहिल्याचा दुसरा पडला, तर टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाची) घसरण सोडल्यास आरपीएम साधारण १५६५वर उतरतात. दुसऱ्याचा तिसरा पडताना १५००वर. कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन किंवा इंटरनॅशनलचं डीटी ४६६, दोघांची ओढ साधारण याच टापूत सर्वांत जास्त असते. आता कुणी स्प्रिंग सैल करून १७००लाच गिअर पाडला, तर पुढचा गिअर सुरू होतो ११००च्या आसपास. तिथे टर्बो नीट भरत नाही, काळा धूर निघतो, एग्झॉस्ट तापतो. त्यात एटी ५४५च्या कन्व्हर्टरला लॉक-अप, म्हणजे घसरण थांबवणारी पकड, नाही. इंजिन दाबलं गेलं की कन्व्हर्टर घसरतच राहतो आणि वाचवायला निघालेलं डिझेल गिअरबॉक्सचं तेल तापवण्यात जातं.

उलट टोकाची चूकही होते. पाय पूर्ण दाबलेला असताना गिअर पडायचा तो इंधन पंपाचा गव्हर्नर इंजिनाला जिथे अडवतो, त्याच्या जरा अलीकडे. या इंजिनांत ती हद्द बहुधा २५००-२६००ची. शिफ्ट पॉइंट त्याच्या पलीकडे सरकवला, तर इंजिन तिथवर पोचतच नाही; बस तिसऱ्यातच कोकलत राहते. आणि हौशी मालकाने पंपात कडक स्प्रिंग घालून तीच हद्द ३०००वर नेली, तर गिअरबॉक्स मात्र जुन्याच हिशोबाने गिअर टाकत राहतो. शिफ्ट पॉइंट खरोखर नव्याने लावायची वेळ येते ती अशी.

क्राउन-पिनियन (मागच्या आसातली गिअरची जोडी) किंवा टायर बदलल्यावर नाही. हे अनेक मिस्त्रींनाही पटत नाही. गव्हर्नर गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो, चाकावर नव्हे. त्याला क्राउन-पिनियनची खबरच नसते. ५.२९चा रेशो काढून ४.४४चा बसवला, तरी गिअर पडतानाचे इंजिनाचे आरपीएम तेच राहतात, फक्त रस्त्यावरचा वेग वाढतो. जो गिअर ताशी ६४ किलोमीटरला पडायचा, तो ७६ला पडेल. स्पीडोमीटर त्याच शाफ्टवरून चालत असेल, तर काटा तेव्हाही ६४च दाखवेल. हा बदल करायचा तो हायवेसाठी. २२.५ इंची टायर मैलाला अंदाजे ५०० फेरे घेतो. ताशी ९६ किलोमीटरला टॉप गिअरमध्ये जुन्या रेशोने सुमारे २६४५ आरपीएम लागायचे, नव्याने २२२०.

‘घर बसवल्याने बस जड झाली, म्हणून गिअर चुकतो’ हेही ऐकू येतं. अमेरिकी नियमांत शाळा-बसचं कमाल वजन ठरवताना प्रत्येक आसनामागे ५४ किलो धरतात. ७२ आसनांची बस म्हणजे जवळपास ३.९ टन नुसती मुलं. पलंग, फ्रिज, टाकी मिळून एवढं सहसा होत नाही.

मॉड्युलेटरची केबल ‘थोडी ओढून बघू’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. जनरल मोटर्सच्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये अशीच केबल क्लचला दाबून धरणारा तेलाचा दाब ठरवते. ती चुकली की क्लच जळतात, तेही थोडक्या प्रवासात. अ‍ॅलिसनमध्ये केबल एकदा नीट लावायची असते. शिफ्ट पॉइंटची जुळवणी खालचा पॅन काढून, व्हॉल्व्ह बॉडीतल्या स्प्रिंगवर, टॅकोमीटर बघत करायची.

नव्या अ‍ॅलिसन २०००मध्ये स्प्रिंगची भानगड नाही. पण ‘कॉम्प्युटर शिकतो, आपोआप जुळेल’ ही आशा फोल आहे. तो शिकतो गिअर गचका न देता कसा टाकायचा ते. कधी टाकायचा, हे त्याच्यात भरलेल्या तक्त्यावर ठरतं आणि शिकून तो तक्ता बदलत नाही.

म्हणून पॅन उघडण्याआधी तीन गोष्टी: गरम असताना तेलाची पातळी, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिन हद्दीपर्यंत जातंय का, आणि केबल टोकापर्यंत सरकते का. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट बसचं घर करतानाच बिघडू शकते. थंडीसाठी जमिनीवर फोम, त्यावर प्लायवूड, वर गालिचा असं दोन-अडीच इंच चढतं आणि पेडल खाली टेकायच्या आधीच गालिच्याला टेकतं. इंजिनाला पूर्ण डिझेल नाही, गिअरबॉक्सला पूर्ण निरोप नाही. बस मरगळलेली आणि गिअर लवकर पडतोय. तेव्हा पाना राहू द्यायचा आणि पेडलखालचा गालिचा कापायचा.