पावतीवर न लिहिलेला टंच

आषाढवारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. त्या दिवसांत सराफाच्या पेढीवर सोन्यापेक्षा चांदीला गिऱ्हाईक जास्त. कुणाला जोडवी हवीत, कुणाला मासोळ्या, कुणाला नातवाला वाळे. आणि प्रत्येकीचा प्रश्न ठरलेला: "दादा, चांदी खरी हाय नव्हं?"

"खरीच आहे, मावशी," असं उत्तर मिळतं आणि ते खोटं नसतं. खरी मेख तिथंच आहे. साठ टंचाचा दागिनाही चांदीचाच. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅम चांदी, बाकी बहुतेक तांबं. असे दोनशे ग्रॅमचे पैंजण चोख चांदीच्या भावानं घेतले आणि पुढं अडचणीला मोडीत घातले, की मुशीतून आटून हिशेबाला एकशेवीसच ग्रॅम चांदी येते. बाई म्हणते, आता लुबाडलं. ती लुबाडली गेलेली असते खरेदीच्या दिवशीच.

पिलीवकडच्या एका आजी मुलाबरोबर रुपयांची माळ घेऊन आल्या होत्या. कडी डाखून ओवलेले जुने रुपये. म्हाताऱ्या सराफांनी कसोटीचा दगड काढलाच नाही. चष्मा लावला, एकेक नाणं पालथं करून साल वाचलं आणि गादीवर तीन ढीग केले. राणीछाप आणि पंचम जॉर्जचे रुपये एकीकडे, १९४० पासूनचे दुसरीकडे आणि मागं वाघ असलेला १९४७ चा एकटाच बाजूला. त्या वाघाला लोहचुंबक लावलं, तर तो टक्कन चिकटला. मुलगा तापला, "आजोबांच्या हातची माळ आहे, सगळी चांदीच असणार!" सराफांनी शांतपणे सांगितलं: राणीच्या काळापासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, हजार भागांत ९१७ भाग चांदी. युद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. आजोबांना कुणी फसवलं नव्हतं. तीन ढिगांची तीन वजनं आणि तीन भाव त्यांनी कागदावर लिहून मुलाच्या हातात दिले. सराफी म्हणतात ती ही.

आता चुंबक घरोघरी झालंय. पण चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी, हे साफ चूक. तांबं चिकटत नाही, पितळ चिकटत नाही, जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी फक्त नावातच असते. पेढीवर आधी कानशीनं खाच पाडतात, कारण वरचा मुलामा दगडालाही फसवतो. मग तेजाबाचा थेंब. हिरवा फेस आला की आत तांबं बोलतं. चांदी असेल तर त्या थेंबात मिठाचं पाणी पडताच दह्यासारखा पांढरा साका धरतो. घरी हे करू नका, तेजाब कातडी जाळतं. टंच काढायचं मशीनही वरचाच थर वाचतं, तेव्हा त्याखाली ठेवण्याआधीही कानस हवीच.

पोकळ कड्यांत लाख भरलेली असते. तिचंही वजन चांदीत धरलं जातं. देवाच्या टाकाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या पाठीला तांब्याचा पत्रा असतो, ती जुनी रीत आहे. चांगला सराफ चांदी आणि तांबं वेगवेगळं लावतो.

सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला केलेली नाही, ऐच्छिक ठेवलीय. पण १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्कच्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक येतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घातला की दागिन्याची शुद्धता समोर येते. ८०० किंवा ९२५ असा आकडा दागिन्यावरही असतो. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. नुसता आकडा कुणीही ठोकू शकतो, म्हणून एचयूआयडी तपासायचाच.

गावाकडच्या बारीकसारीक दागिन्यांवर हा शिक्का सहसा नसतो. तिथं "खरी आहे का?" हे विचारूच नका. "किती टंच? लाख वजा जाता वजन किती? घडणावळ किती? मोडीला कशी घ्याल?" हे चार प्रश्न विचारा आणि चारही उत्तरं पावतीवर लिहून घ्या. सराफ लिहून देत नसेल, तर दागिना तिथंच ठेवून उठा.