स्थितप्रज्ञ

स्थितप्रज्ञ ही भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मांडलेली हिंदू तत्त्वज्ञानातील एक संकल्पना आहे. सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय यांमुळे ज्याची विवेकबुद्धी ढळत नाही, अशा व्यक्तीस स्थितप्रज्ञ म्हणतात. मनाची ही समता म्हणजे कर्मापासून निवृत्ती, की कर्तव्य नीट पार पाडण्याची पूर्वअट, हा या संकल्पनेच्या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे. महाराष्ट्रात ज्ञानेश्वर, लोकमान्य टिळक व विनोबा भावे यांच्या ग्रंथांतून तिचा विचार झाला.

व्युत्पत्ती

‘स्थित’ म्हणजे स्थिर झालेली आणि ‘प्रज्ञा’ म्हणजे विवेकयुक्त बुद्धी. ज्याची प्रज्ञा स्थिर झाली आहे तो स्थितप्रज्ञ. गीतेत याच अर्थाने ‘स्थितधी’ हा शब्दही येतो.

गीतेतील वर्णन

दुसऱ्या अध्यायाच्या ५४ व्या श्लोकात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारतो. तो कसा बोलतो, कसा बसतो आणि कसा वागतो, असा त्याचा प्रश्न आहे. श्रीकृष्णाचे उत्तर पुढील १८ श्लोकांत आहे. कासव जसे अवयव आत ओढून घेते, तशी स्थितप्रज्ञ आपली इंद्रिये विषयांपासून आवरतो, असे त्यात म्हटले आहे.

मन ढळण्याचा क्रमही येथे सांगितला आहे. विषयांच्या सततच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि अखेरीस बुद्धिनाश होतो. या क्रमाचा आरंभ चिंतनात असल्याने संयमाचा आरंभही तेथेच करावा लागतो.

साधने

मन वाऱ्याप्रमाणे आवरण्यास कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार सहाव्या अध्यायात येते. त्यावर अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच दोन साधने आहेत. चित्त प्रसन्न राहावे म्हणून तेथे सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी आनंद आणि दुर्वर्तनाविषयी उपेक्षा हे भावही सुचवले आहेत. शंकराचार्यांच्या मते सिद्ध पुरुषाची जी लक्षणे, तीच साधकाची साधने होत. कारण ती प्रयत्नाने मिळवावयाची असतात.

मराठीतील विवेचन

इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत गीतेतील समुद्राच्या दृष्टान्ताचा विस्तार आढळतो. सर्व नद्या भरून येऊन मिळाल्या तरी समुद्र मर्यादा सोडत नाही, हा मूळ आशय; उन्हाळ्यात नद्या आटल्या तरी तो उणा होत नाही, ही ज्ञानेश्वरांची भर. लाभाइतकीच हानीही पचवण्याची क्षमता त्यामुळे स्पष्ट होते.

टिळकांनी १९१०-११ मध्ये मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले; ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या ‘सिद्धावस्था व व्यवहार’ या प्रकरणात अपूर्ण समाजात स्थितप्रज्ञाने कसे वागावे, याची चर्चा आहे. ज्ञानप्राप्तीनंतरही लोकसंग्रहासाठी कर्म करावे, तसेच निर्वैर बुद्धी राखूनही दुष्टांचा प्रतिकार करता येतो, असे टिळकांचे प्रतिपादन आहे. या प्रतिकाराच्या स्वरूपावरून जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’त टिळक व महात्मा गांधी यांचा मतभेद प्रकट झाला. गांधींना क्रोधाला अक्रोधाने जिंकणे हेच व्यवहारातही ग्राह्य वाटत होते. स्थितप्रज्ञाचे श्लोक त्यांच्या आश्रमातील सायंप्रार्थनेत म्हटले जात.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळे तुरुंगात दिलेली गीता प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. जीवनाचे सिद्धान्त, ते आचरणात आणण्याची कला आणि ती साधलेला मनुष्य, अशी दुसऱ्या अध्यायाची संगती विनोबांनी त्यांत लावली. पुढे १९४४ मध्ये शिवनी तुरुंगात त्यांनी या श्लोकांवर स्वतंत्र व्याख्याने दिली. ती ‘स्थितप्रज्ञदर्शन’ या नावाने प्रसिद्ध आहेत.

प्रचलित वापर

आजच्या मराठीत संकटातही न डगमगणाऱ्या व्यक्तीस स्थितप्रज्ञ म्हणतात. कशाचेच सोयरसुतक नसलेल्या माणसासाठीही हा शब्द उपरोधाने वापरला जातो. हा दुसरा अर्थ गीतेच्या प्रसंगाशी जुळत नाही. तेथे अर्जुन शोकाने व्याकूळ होऊन धनुष्य खाली ठेवतो आणि उपदेशाच्या शेवटी, मोह दूर झाल्यावर, कर्तव्यास सिद्ध होतो.